पाप आणि चर्चचा कायदा: फरक कुठे आहे?
मनातल्या मनात कुणाचा खून योजणं हे ख्रिस्ती शिकवणीनुसार पापच. कॅथलिक चर्चच्या कायद्यात मात्र तो गुन्हा ठरत नाही. तिथे नियमभंग बाहेर, कृतीतून दिसावा लागतो. गंभीर पापाच्या अटी तीन: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी.

खरी गंमत सवलतीत आहे. शुक्रवारी मांस न खाणं हा चर्चने घातलेला नियम, त्यामुळे बिशप त्यातून सूट देऊ शकतात. व्यभिचाराला सूट पोपही देऊ शकत नाहीत, कारण ती आज्ञा चर्चची नाहीच, देवाची मानली जाते. तरीही चर्चचा नियम जाणूनबुजून धुडकावणं पापात मोडू शकतं. म्हणजे हे दोन कप्पे पूर्ण वेगळे नाहीत.

सध्याची संहिता १९८३ ची, १७५२ कलमांची; तिचा दंडविभाग २०२१ मध्ये सुधारला. सोळा वर्षांखालच्यांना त्यातली शिक्षा लागत नाही. पापाला अशी सरळ वयोमर्यादा नाही.

प्रोटेस्टंटांचं वेगळंच. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये विटेनबर्गला पोपच्या फर्मानासोबत चर्चच्या कायद्याची पुस्तकंही जाळली. पापाबाबत मात्र त्याची भूमिका जराही सैल नव्हती.