लेक ट्रॅव्हिसवर वेकबोर्डिंग: जुनी व्ही-ड्राइव्ह घ्यावी की नवी दिसणारी बोरायडर?

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून बोर्डवर उभं राहून पाण्यावर सरकणं. त्यासाठी टेक्सासातल्या ऑस्टिनकडे, लेक ट्रॅव्हिसच्या परिसरात, सेकंडहँड बोट शोधायला लागलं की बऱ्याचदा एकाच बजेटात दोन पर्याय समोर येतात: अलीकडची स्टर्नड्राइव्ह बोरायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असलेली, प्रॉपेलर मागे बाहेर असलेली फिरायची बोट), नाहीतर मालिबू वेकसेटर किंवा मास्टरक्राफ्ट एक्स-स्टारसारखी बरीच जुनी व्ही-ड्राइव्ह, म्हणजे खास वेकबोर्डिंगसाठी बनवलेली बोट. मुलं खरोखर बोर्डवर उभी राहणार असतील, तर मी जुनी व्ही-ड्राइव्ह घ्या म्हणेन.

कारण लाट. व्ही-ड्राइव्हचं इंजिन मागच्या टोकाला असतं, शिवाय बॅलास्टच्या, म्हणजे वजन वाढवायच्या, टाक्यांत पाणी भरलं की मागचा भाग खाली दबतो आणि उडी मारण्याजोगी भरीव लाट उठते. दोरी बांधायच्या उंच चौकटीमुळे, म्हणजे टॉवरमुळे, दोरीची ओढ उंचावरून मिळते. परफेक्ट पाससारखी यंत्रणा असेल तर ताशी २० मैलांच्या आसपासचा वेग स्थिर राहतो, आणि शिकणाऱ्याला त्याचाच सर्वात जास्त उपयोग होतो. बोरायडरमागेही उभं राहायला शिकता येतं, पण उड्यांची वेळ आली की तिची लाट तोकडी पडते.

सुरक्षिततेचा फरक त्याहून मोठा. व्ही-ड्राइव्हचा प्रॉपेलर बोटीच्या तळाखाली असतो, स्टर्नड्राइव्हचा मागे बाहेर. त्यामुळे नेहमीच्या स्टर्नड्राइव्हमागे वेकसर्फिंग, म्हणजे दोरी सोडून बोटीच्या अगदी जवळच्या लाटेवर सरकणं, अजिबात नको. आणि बोट कुठलीही असो, मागच्या फळीजवळ कुणी पाण्यात असेल तर इंजिन बंद. प्रॉपेलरइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो.

देखभालीत स्टर्नड्राइव्हचे रबरी बेलोज (पाणी आत येऊ न देणारी घडीची आवरणं) आणि गिअर ऑइल तपासा; तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. व्ही-ड्राइव्हमध्ये बॅलास्टचे पंप चालवून बघा. इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) कधी बदलला, हे दोन्हीकडे विचारा.

टेक्सासात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत ही बोट कुठे होती? इंजिनात राहिलेलं पाणी गोठलं की ब्लॉकला तडा जातो. तेव्हा इंजिनातलं पाणी काढल्याची पावती मागा, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या आणि बोट तळ्यात चालवून बघा. ड्राइव्हवेत नळी लावून सुरू केलेलं इंजिन ओझ्याखाली कसं वागेल ते कळत नाही. मालकी आणि कर्जाचा बोजा टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे तपासता येतो.

व्ही-ड्राइव्हची एक अडचण मात्र खरी आहे. ट्रॅव्हिसमध्ये २०१७ पासून झेब्रा शिंपले आहेत, बोटीत राहिलेल्या पाण्यातून ते दुसऱ्या तळ्यात पसरतात, आणि बॅलास्टच्या टाक्या पूर्ण रिकाम्या होणं कठीण. तळ्याबाहेर पडताना पाणी काढून टाकणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे दर वीकेंडला वेगळं तळं गाठणाऱ्यांना हे काम जड जाईल.

वजनाचंही बघा. होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएनासारखी मिनीव्हॅन ३,५०० पौंडांपर्यंतच ओढते. ट्रेलरसकट व्ही-ड्राइव्ह तिच्या आवाक्याबाहेरची, आणि बऱ्याच बोरायडरही. मोठी गाडी घ्यायची नसेल तर मरीनातल्या जागेचं भाडं आधीच बजेटात धरा. आणि घरातल्या बहुतेकांना नुसतं फिरायचं, पोहायचं असेल, बोर्ड कधीमधीच निघणार असेल, तर बोरायडरच घ्या.