केस काढायचं डायोड लेझर, वर्षभर वापरल्यावर: मशीन चांगलं, हँडपीसचा हिशेब वाईट

८०८ नॅनोमीटर, १२ बाय १२ मिलिमीटरचा स्पॉट, सफायर टिप हे सगळं ब्रोशरमध्ये आहे, इथे उगाळत नाही. लिहायला निमित्त हँडपीस (त्वचेवर टेकवून लेझरचे शॉट मारायचा हातातला भाग) बदलण्याच्या कोटेशनचं: ३ लाख रुपये, आयुष्य १ कोटी शॉट. तेही सीएमसी, म्हणजे सुट्या भागांसकट देखभालीचा वार्षिक करार, चालू असताना! करारात बारीक अक्षरांत हँडपीस ‘कन्झ्युमेबल’ आहे. म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी मरणारा भाग सोडून बाकी सगळ्याला संरक्षण.

३ लाख भागिले १ कोटी, शॉटमागे ३ पैसे. फुकटच वाटतं. पण इन-मोशन मोड (हँडपीस त्वचेवर सतत फिरवत शॉट मारायचे) १० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०, मिनिटाला ६०० शॉट. दोन्ही पाय पूर्ण करताना प्रत्यक्ष ४० मिनिटं शॉट चालले तर २४,००० शॉट, ७२० रुपये. सहा सिटिंगच्या पॅकेजमध्ये ४,३२० रुपये नुसत्या हँडपीसचे. जेल, स्टाफ, वीज, ईएमआय वेगळं. अशी महिन्याला ५० सिटिंग झाली की हँडपीस आठ महिन्यांत खलास. शेजारच्या क्लिनिकचं रेटकार्ड बघून आपला दर लावणाऱ्यांनी आधी हे मांडावं. आपण डॉक्टर लोक तरंगलांबीवर तासभर बोलू, पण शॉट केवढ्याला पडतो हे सेल्सवाल्याला विचारणार नाही.

सुरुवातीला इन-मोशनला डोळे मिटून पाच तारे दिले असते. दुखत कमी, सावळ्या त्वचेवर भाजण्याची धास्ती कमी, पेशंट खूश. आता साडेतीन. काख, हनुवटी अशा लहान जागी सिंगल शॉट आणि नीट कूलिंग पुरतं. पायांना, पाठीला इन-मोशनच ठेवा, पण सिटिंगचा दर शॉट मोजूनच ठरवा. ‘पायांवर काख फ्री’ ही ऑफर तर काढूनच टाका. पीसीओएसच्या (हॉर्मोन बिघडून केस वाढतात तो त्रास) पेशंटला सहा सिटिंगमध्ये ‘कायमचं’ असा शब्द देऊ नका. हॉर्मोनचं बघितलं नाही तर केस परत येतात आणि वरच्या फुकट सिटिंगचे शॉट आपल्याच हँडपीसमधून जातात.

प्रत्येक सिटिंगआधी आणि नंतर मशीनवरच्या शॉट-काउंटरचा आकडा पेशंटच्या कागदावर लिहायचा. हे काम स्टाफला कटकटीचं वाटतं, पण शॉट नेमके कुठे जातात ते यातूनच कळतं. शेव्ह न करता आलेल्या पेशंटला तसंच टेबलावर घेऊ नका: वरचे केस जळतात, काजळी टिपला चिकटते, तिथे डाग तापतो, त्वचाही भाजते आणि टिपही जाते.

सर्व्हिसशी खरी झुंज हँडपीस थंड ठेवणाऱ्या पाण्यावरून. हँडपीस बिघडला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पाणी चुकीचं वापरलं.’ मॅन्युअल सांगेल तेच डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी, आरओचं नाही. बदलल्याची तारीख, कॅनचं बिल, फिल्टरचा फोटो जपून ठेवा. कागद पुढे ठेवल्यावर सूर बदलतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आणखी एक भानगड: दमट खोलीत थंड हँडपीसवर आतून-बाहेरून दव धरतं आणि आतल्या डायोडला (लेझर तयार करणारा भाग) ते मारक. आधी एसी लावून खोली कोरडी होऊ द्या, मगच चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) चालू करा. आणि स्क्रीनवर दिसते ती सेट केलेली एनर्जी, बाहेर पडणारी नव्हे. डायोड म्हातारा झाला की आउटपुट उतरतं, आकडा तोच राहतो. प्रत्येक सर्व्हिसला पॉवर मीटरचं रीडिंग लेखी मागा.

पॅकेजची आगाऊ रक्कम मशीनच्या हप्त्यात घालू नका. सिटिंग होईपर्यंत ते पेशंटचे पैसे आहेत. वेगळ्या खात्यात ठेवा, झालेल्या सिटिंगपुरतेच काढा. मध्येच हँडपीस गेला तर परतावा तिथूनच द्यावा लागतो. कॉस्मेटिक कामाला आरोग्यसेवेची जीएसटी सवलत धरू नका. उलाढाल २० लाखांकडे सरकली की सीएला गाठा. पेशंट पाठवणाऱ्या पार्लरला कट देणं हा काहींना ‘बिझनेस’ वाटतो, पण २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत असं कमिशन देणं-घेणं दोन्ही निषिद्ध आहे. शिवाय तो कट पॅकेजवर लावला की ३ पैशांचा सगळा हिशेब बोंबलतो.

मशीनला चार तारे, सर्व्हिसला दीड. घेणार असाल तर ऑर्डरवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: पुढच्या तीन वर्षांसाठी हँडपीसचा बांधलेला दर, वॉरंटी महिन्यांवर नाही तर उरलेल्या शॉटच्या प्रमाणात, आणि दुरुस्तीच्या काळात बदली हँडपीस. तिसऱ्या अटीला सेल्सवाला हसेल. हसू द्या, अ‍ॅडव्हान्सचा चेक तोवर खिशातच असू द्या.