कयाकवर जिवंत आमिष: ओढायची बादली की पंपाची टाकी?

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी. तिच्यावरून गळ टाकताना आमिषाचे छोटे मासे जिवंत ठेवायला दोरीने पाण्यातून मागे ओढायची भोकांची बादली घ्यावी की बॅटरीच्या हवापंपाची टाकी, यावर अडलेल्यांसाठी.

खर्चात आणि देखभालीत बादली सरस. बॅटरीची कटकट नाही, पाणी आपोआप बदलतं. पण ती कयाकला मागे खेचते आणि वेग वाढला की मासे मागच्या भिंतीवर दाबले जाऊन त्यांचे खवले निघतात. असा मासा गळावर फार वेळ तग धरत नाही.

टाकीत मासे शांत राहतात, मात्र पाणी तुम्हालाच सांभाळावं लागतं. 20 लिटर म्हणजे 20 किलो, तेव्हा टाकी आसनामागे मधोमध घट्ट बांधा. गोलच घ्या, कोपऱ्यांत मासे तोंड आपटून घेतात. पाण्यावर फेस धरला की अर्धं पाणी लगेच बदला. साचलेला अमोनिया नुसत्या हवेने जात नाही. उन्हात बंद बाटलीतला बर्फ टाकीत सोडा, गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. नळाचं पाणी अजिबात नको, क्लोरीनने मासे मरतात.

नांगर टाकून एका जागी बसणार असाल तर बादली पुरते. वल्हवत फिरणाऱ्याने टाकीच घ्यावी, सोबत जादा सेल ठेवावेत.