डोकुविकी: ट्रेकिंग ग्रुपसाठी दीड वर्ष वापरली, पण पानांची नावं कशी द्यायची ते आधी ठरवा

आमच्या ट्रेक ग्रुपची सगळी माहिती तीन ठिकाणी विखुरलेली होती, थोडी व्हॉट्सॲपवर, थोडी कुणाच्या तरी ड्राइव्हवर आणि बाकी दोन जुन्या मेंबरांच्या डोक्यात. दीड वर्षापूर्वी ती डोकुविकीवर, म्हणजे सगळ्यांना मिळून पानं लिहिता-बदलता येतात अशी वेबसाइट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणायची असं ठरलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००४ मध्ये आंद्रेआस गोहर यांनी सुरू केलेली, आणि मुख्य म्हणजे डेटाबेस लागत नाही. पीएचपी चालणारं साधं होस्टिंग असलं की झालं. प्रत्येक पान म्हणजे एक टेक्स्ट फाइल, बॅकअप म्हणजे फोल्डर झिप करून ठेवायचं. इन्स्टॉल करायला अर्धा तास लागला, नावं निस्तरायला आठ महिने! म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः नावांवरच लिहितोय, कारण सगळे बटणं कुठे आहेत ते सांगतात आणि हे कुणी सांगत नाही.

सुरुवातीला नियम काहीच नव्हता, ज्याला जसं सुचेल तसं पान. 'भैरवगड' नावाचं पान बनलं आणि त्यात चार जणांनी माहिती भरली. आता भैरवगड किती आहेत बघा, मोरोशीचा, शिरपुंजेचा, कोथळ्याचा, शिवाय कोयनेच्या जंगलातला. मोरोशीचा म्हणजे माळशेजच्या तोंडाशी, कातळ चढायचा, रोप लागतो. शिरपुंजेचा अकोले तालुक्यात, तिथं नवीन माणसंसुद्धा नेता येतात. आमच्या पानावर पायथ्याचं गाव शिरपुंजे आणि खाली सामानाची यादी मोरोशीची, आणि एका लीडरने ती यादी वाचून दोन रोप आणि हार्नेस असं सगळं ओझं घरच्यांना घेऊन निघालेल्या ट्रेकला उचलून नेलं. नुसतं ओझं झालं म्हणून निभावलं. उलटं झालं असतं, म्हणजे मोरोशीला जाणाऱ्यांनी शिरपुंजेची यादी वाचली असती तर काय, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या रविवारी बसून नियम केला: किल्ल्याचं नाव, मग पायथ्याचं गाव. भैरवगड_मोरोशी, भैरवगड_शिरपुंजे. नुसत्या 'भैरवगड' पानावर फक्त चारही भैरवगडांच्या लिंका, प्रत्येकीपुढे एक ओळ. इथं डोकुविकीची एक गोष्ट फार आवडली, नावात स्पेस टाका, कंस टाका, ती आपोआप अंडरस्कोअर करून घेते आणि इंग्रजी नाव असेल तर सगळं छोट्या लिपीत नेते, त्यामुळे स्पेस का कंस यावर भांडणच नाही. हायफन मात्र तसाच ठेवते, म्हणून 'अलंग-मदन-कुलंग' आणि 'अलंग मदन कुलंग' ही दोन वेगळी पानं होतात. आम्ही हायफन बंदच केला.

कोलन टाकला की नेमस्पेस होतो, म्हणजे आत फोल्डरच बनतं. आम्ही हौसेने किल्ले:ठाणे:कोहोज असे जिल्ह्यांचे फोल्डर केले. चूक! कोहोज २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, लिहिणाऱ्याच्या हाताला जुनं ठाणेच सवयीचं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि हरिश्चंद्रगड तर तीन जिल्ह्यांच्या सीमेवर, तो टाकायचा कुठे? जिल्हा बदलतो, त्याचं नाव बदलतं, गड जागचा हलत नाही. त्यामुळे आता किल्ले, वाटा आणि गावं एवढेच तीन नेमस्पेस, जिल्हा पानाच्या आत एका ओळीत. हे सुरुवातीलाच केलं असतं तर दोनशेच्या वर पानं हलवावी लागली नसती.

आता मराठीत नावं देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, या इंग्रजी गाईडमध्ये सहसा सापडत नाहीत.

पहिली, 'ऱ्य'. 'पायऱ्यांची वाट' हे नाव दोघांनी टाइप केलं, दिसायला हुबेहूब सारखं, पण एकाने 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलेलं आणि दुसऱ्याच्या कीबोर्डवर साध्या 'र'ला जोडाक्षराची खूण लावून तेच रूप उमटलेलं. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी नावं, म्हणून दोन पानं झाली आणि एक लिंक लाल, म्हणजे त्या नावाचं पानच नाही अशी, दिसत राहिली. मी पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो होतो, काहीच कळेना. आता नियम असा की नाव टाइप करायचंच नाही, असलेल्या पानावरून कॉपी करायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डोकुविकी फाइलचं नाव ठेवताना मूळ सेटिंगमध्ये देवनागरीचं यूआरएल एन्कोडिंग करते, म्हणजे प्रत्येक अक्षर टक्क्याची खूण, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांत लिहिते. त्यात एकेका अक्षराचे, मात्रेचे, हलंताचे प्रत्येकी नऊ बाइट होतात, आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा. आम्ही 'हरिश्चंद्रगड_खिरेश्वर_टोलारखिंड' असं पान करायला गेलो, दिसायला काय मोठं नाही, पण मोजलं तर २६३ बाइट. सेव्हच होईना! कॉन्फिगरेशनमध्ये फाइलनेम एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं, म्हणजे देवनागरी आहे तशीच ठेवायला सांगितली, की तेच नाव ८९ बाइटमध्ये बसतं. ही सेटिंग पहिलं पान लिहायच्या आधी बदला, कारण नंतर बदलली तर जुन्या फायलींची नावं जुन्याच पद्धतीत राहतात आणि विकीला ती पानं सापडत नाहीत. आम्ही नंतर बदलली, दोन रात्री गेल्या.

नाव बदलायला मूव्ह नावाचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं, टाकाच. पान हलवताना जुना इतिहासही सोबत जातो आणि विकीच्या आतल्या लिंका दुरुस्त होतात. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या लिंका मरतात, कारण पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्या पानावर नेण्याची सोय, मुळात नाही. मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्यात, पान हलवलं की मागे आपोआप पुनर्निर्देशन राहतं. तोरण्याला प्रचंडगड आणि विशाळगडाला खेळणा म्हणणारे लोक आहेत, तिथं ही सोय हवीच वाटते. पण मीडियाविकीला डेटाबेस सांभाळायला माणूस लागतो, आमच्याकडे तो नाही.

आणखी एक सेटिंग, पहिलं शीर्षक हेच लिंकचं नाव म्हणून दाखवायची. ती चालू केली की अंडरस्कोअर दिसत नाहीत, वाचणाऱ्याला 'भैरवगड (मोरोशी)' असं स्वच्छ दिसतं. आणि नेमस्पेसच्या फोल्डरमध्ये टेम्प्लेटची फाइल ठेवली की नवीन पान उघडल्यावर पायथा, पाणी, मुक्काम, अवघड टप्पा असे मथळे तयार असतात. आमच्यातल्या एका काकांनी आयुष्यात विकी पाहिली नव्हती, ते आता दर सोमवारी पाण्याच्या टाक्यांची स्थिती लिहितात, कुठलं टाकं पिण्याजोगं, कुठलं आटलं.

पाचपैकी चार स्टार देतो. एक कापला तो पुनर्निर्देशनासाठी. दहावीस जणांचा ग्रुप असेल, सर्व्हरवाला माणूस नसेल तर डोळे झाकून घ्या, फक्त पहिल्या दिवशी एन्कोडिंगची सेटिंग करा आणि नावांचा नियम मुखपृष्ठावर वरच लिहून ठेवा. आमच्या मुखपृष्ठावर आता पहिलीच ओळ आहे: 'नवीन पान करण्याआधी शोधा. नाव कॉपी करा. गाव लिहायला विसरू नका.'