पीस लिली की अँथुरियम? कोल्हापूरच्या घरासाठी निवड

नर्सरीत या दोघी शेजारीशेजारी असतात आणि ठरतं बहुतेक वेळा फुलाच्या रंगावर. ठरायला हवं खिडकीवर.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत आतल्या खोलीला उजेड कमीच. तिथे पीस लिली तग धरेल, अँथुरियम नाही. पण तग धरणं वेगळं, फुलणं वेगळं: अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात लिली पानं देते, फुलं देत नाही. खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. अँथुरियमला खिडकीलगतचा भरपूर उजेड हवा, पण ऊन थेट नको. मार्च ते मे पश्चिमेच्या खिडकीत दोघींचीही पानं भाजतात, पडदा लावाच.

खरा फरक मुळांत आहे. अँथुरियमच्या मुळांना हवा लागते. साध्या मातीत ती गुदमरतात. तिचं मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, लोणारी कोळसा १ भाग, विटांचे बारीक तुकडे १ भाग, वर थोडं गांडूळखत. लिलीला कोकोपीट २ भाग, तांबडी माती १ भाग, गांडूळखत १ भाग पुरतं. काळी माती मात्र दोघींनाही नको, ओली झाली की घट्ट बसते.

पाण्याच्या बाबतीत लिली बोलकी. तहानली की सगळी पानं लोळतात आणि पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहतात. फसगत इथेच होते, कारण मुळं कुजली तरी पानं तशीच लोळतात. म्हणून आधी बोट इंचभर मातीत घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही रोप लोळलंय? बाहेर काढा, काळी लिबलिबीत मुळं कापा, नव्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर अगदी बेताचं पाणी द्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे हमखास होतं: कुंडी दिवसेंदिवस वाळत नाही आणि आपण उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घालत राहतो. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

अँथुरियमचा पावसाळी त्रास निराळा. पानांच्या कडेला पाणचट डाग पडून ते पिवळे-तपकिरी झाले की तो जीवाणूजन्य करपा समजा. ते पान कापून फेका, कात्री स्पिरिटने पुसा, पानांवर पाणी शिंपडणं थांबवा.

खत दोघींना सारखंच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही ओल्या मिश्रणावर. जास्त दिलं की लिलीच्या पानांची टोकं जळतात.

हवा शुद्ध होते म्हणून लिली घेणार असाल तर ते कारण सोडा. हा समज ज्यावरून पसरला तो नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता, बैठकीच्या खोलीतला नव्हे. फुलांच्या हिशेबात अँथुरियम सरस, तिचं एकेक फूल दीड-दोन महिने टिकतं. उजेड आणि मिश्रण जमत असेल तर तीच घ्या, नाहीतर लिली.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दोन्ही उंचावर ठेवा. पान चावलं तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी तोंडाची आग होते आणि ओठ-जीभ सुजते.