टॅरँट्युला की गोम: पाळण्याआधीची तुलना

काचेच्या पेटीत टॅरँट्युला हा मोठा केसाळ कोळी ठेवावा की एकवीस पायजोड्यांची मोठी गोम, अशा विचारात असलेला माणूस बहुधा आधी दोघांच्या विषाची तुलना करतो. विषाचा विचार करायलाच हवा, पण पाळणाऱ्याच्या चुका कोणता प्राणी किती खपवून घेतो, हे त्याआधी पाहावे, असे मला वाटते. या कसोटीवर टॅरँट्युला बराच उदार ठरतो. गोम मात्र फारशी सवलत देत नाही.

याचे कारण दोघांच्या कवचात आहे. ग्रामोस्टोला किंवा ब्राकीपेल्मा या प्रजातींतले जमिनीवर राहणारे कोळी कोरडी माती, पाण्याची एक उथळ वाटी आणि खोलीचे साधारण तापमान एवढ्यावर वर्षानुवर्षे समाधानाने राहतात. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एखादे झुरळ किंवा रातकिडा पुरतो, आणि कधीकधी तो स्वतःच महिनोन् महिने उपवास धरतो. गोमेच्या कवचावर ओलावा राखणारा मेणचट थर तुटपुंजा असतो आणि तिची श्वसनछिद्रे कोळ्यासारखी घट्ट मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत तिच्या अंगातले पाणी झपाट्याने उडून जाते. म्हणून तिला दहा-पंधरा सेंटिमीटर खोल मातीचा थर द्यावा लागतो, ज्याचा तळ ओलसर आणि वरचा भाग त्यामानाने कोरडा असेल. सगळीच माती भिजवून हवा कोंडली, तर बुरशी धरते आणि गोम तशीही दगावते.

पेटीची उंची ठरवताना दोघांचे नियम अगदी उलटे आहेत. जड पोटाचा, जमिनीवरचा टॅरँट्युला काचेवर चढून पडला तर त्याचे पोट फुटू शकते, म्हणून माती आणि झाकण यांतले अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक नसावे. गोमेला पडण्याचे भय नसते, पण पळण्याची ओढ भारी. गुळगुळीत काच तिला चढता येत नसली, तरी कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या सांध्यावरून ती सहज वर जाते, शरीर ताणून झाकणाची कड गाठते आणि सैल झाकण डोक्याने उचलते. खरी गोम इथेच आहे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. कडीबंद झाकण, बारीक जाळी आणि गोमेच्या लांबीहून स्पष्टपणे जास्त उंची या तिन्ही गोष्टींची सोय होत नसेल, तर तिचा विचार सोडून द्यावा. लांब चिमट्यावरही विसंबू नये, कारण चिमट्यावरूनच ती हातापर्यंत धावत येऊ शकते.

आता विषाकडे वळू. अमेरिका खंडांतले बहुतेक टॅरँट्युला चावण्याआधी मागच्या पायांनी पोटावरचे सूक्ष्म काटेरी केस झटकतात. त्वचेला त्याची खाज सुटते, पण हे केस डोळ्यात गेले तर दुखणे महिनोन् महिने रेंगाळू शकते, म्हणून पेटीवर तोंड आणून वाकू नये. आशिया-आफ्रिकेतल्या टॅरँट्युलांकडे हे केस नसतात. ते अधिक चपळ असतात आणि त्यांचा दंश अधिक जहाल असतो. त्यांच्यापैकी पोइसिलोथेरिया या आशियाई कोळ्याच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. स्कोलोपेंड्रा वंशातली मोठी गोम तोंडाने चावत नाही. डोक्यामागच्या पहिल्या पायजोडीचे रूपांतर झालेल्या नख्यांनी ती विष टोचते. निरोगी प्रौढ माणसाच्या जिवाला सहसा धोका नसला, तरी ती वेदना असह्य असते. सांभाळाच्या दृष्टीने पोइसिलोथेरिया हा ब्राकीपेल्मापेक्षा गोमेलाच जवळचा आहे, म्हणजे ‘कोळी सोपा, गोम अवघड’ अशी सरसकट विभागणी करता येत नाही. दोघांपैकी कोणालाही हातावर खेळवू नये, हे वेगळे सांगायला नको.

पाहण्याचा आनंद मात्र दोघांकडे निरनिराळा आहे. कात टाकताना टॅरँट्युला उताणा होतो आणि तासन् तास तसाच पडून राहतो. नवखा मालक तो मेला असे समजून त्याला हलवतो, आणि तेच नडते. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आखडलेले असतात, हा फरक लक्षात ठेवावा. त्या काळात पेटीत जिवंत रातकिडा राहू देऊ नये, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडू शकतो. गोम एरवी दिसतच नाही, पण जेवण झाल्यावर ती एकेक पाय तोंडातून ओढून क्रमाने स्वच्छ करते, तो सोहळा विसरता येत नाही. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, ही म्हण तर खरीच, शिवाय तुटलेला पाय पुढच्या कातींबरोबर दोघांनाही पुन्हा फुटतो.

मादी टॅरँट्युला पंधरा-वीस वर्षे जगते, काही जातींत त्याहून अधिक. नर मात्र वयात आल्यावर बहुधा वर्ष-दोन वर्षांत संपतो. गोमेचे आयुष्य मादी टॅरँट्युलाहून बरेच कमी असते. बाजारातल्या मोठ्या गोमा बहुतांशी रानातून पकडलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे वय कळत नाही, तर बंदिस्त पैदाशीचे टॅरँट्युला सहज मिळतात. ब्राकीपेल्मा आणि 2019 पासून पोइसिलोथेरिया हे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांची कागदपत्रे मागावीत, आणि कोळी घेताना विक्रेत्याकडून त्याची शेवटची कातही मागून घ्यावी, कारण नर-मादी कातीच्या आतल्या बाजूवरून ओळखता येतात.