बीपीच्या दोन गोळ्या, एक मशीन आणि एक डबी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गोळ्यांना पाचपैकी चार, मशीनला साडेचार आणि आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीला दीड. डबीला एवढे कमी का, ते पुढे सांगते.

वय ५२, साखर नाही, माहेरी-सासरी दोन्हीकडे बीपी. राहायला कोकणात. सुरुवातीला डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम दिली. आकडे छान उतरले, पण काही आठवड्यांत संध्याकाळी घोटे सुजून चपलेचे पट्टे रुतायला लागले. ही या गोळीची जुनी, ओळखीची तक्रार. गोळी बारीक धमन्या सैल करते, पण पुढच्या बारीक शिरा तेवढ्या सैल होत नाहीत; मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. अंगात जादा पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. शेजारच्या काकांनी स्वतःच्या पाकिटातली लघवीची गोळी मला अगदी प्रेमाने देऊ केली होती! डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन अडीचवर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या शिराही सैल करतात, त्यामुळे सूज उतरायला मदत होते. माझी बरीच ओसरली, पूर्ण गेली नाही. एक गुण तिथे कापला.

टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रक्तातल्या क्रिएटिनिनची (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी करायला सांगितली होती. हा खर्च टाळू नका. ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. किडनी कमजोर असेल तर ते धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. आणि इथेच एक गंमत आहे. ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. म्हणजे काळजी म्हणून आणलेलं मीठ याच गोळीसोबत नडू शकतं. आमच्याकडे पुतणीने असं पाकीट आणलं होतं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नको म्हटलं. साधंच मीठ कमी करायचं ठरलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, सुकी मासळी सगळं आलं. सुकटीपुढे माझा निर्धार अजून डळमळतो.

आता डबी. सोमवार ते रविवार कप्पे, दिसायला सुबक. पण टेल्मिसार्टनची गोळी हवेतली ओल ओढून घेते. तिच्या पाकिटावर ओलाव्यापासून जपा असं लिहिलेलं असतं आणि गोळी घ्यायच्या वेळीच फोडायची असते. कोकणातल्या जुलैत, जिथे मीठ बरणीतच पाणी धरतं, तिथे आठवडाभराच्या गोळ्या उघड्या काढून ठेवणं म्हणजे औषध वाया घालवणं. मी कात्रीने एकेक गोळी तिच्या फॉइलसकट कापून कप्प्यात ठेवते. त्यासाठी डबी मोठ्या कप्प्यांची घ्यावी लागली. कापताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवायचा, नाहीतर उरलेली गोळी कोणती हेच कळत नाही.

मेडिकलमध्ये नाव पूर्ण वाचा. एकाच ब्रँडच्या नावापुढे ‘एच’ आलं की बहुधा आत लघवीची गोळी जोडलेली असते, ‘एएम’ आलं की अ‍ॅम्लोडिपिन. मला एका दुकानात साध्याऐवजी ‘एच’वालं पाकीट मिळालं होतं, चिठ्ठी काउंटरवर ठेवून मिलिग्रॅमसकट जुळवलं म्हणून तिथेच बदलून मिळालं. जेनेरिकवर गेले तेव्हाही हेच केलं: मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे ना. घरच्या वहीत आकड्यांत काही फरक पडला नाही, खिशात बराच पडला.

मशीन दंडाचंच घ्या, मनगटाचं नको. पट्ट्यावर माप छापलेलं असतं, माझ्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर आहे. आधी टेपने दंड मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दाखवतं. आमच्या ह्यांना मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला, त्याचा अर्धा गुण गेला. मोजायची पद्धत मशीनपेक्षा महत्त्वाची. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू-बिडी नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, दंड छातीच्या पातळीवर टेबलावर, बाही वर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी. डॉक्टरकडे जायच्या आधीच्या आठवड्यात रोज मोजते आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढते. घरचा आकडा १३५/८५ च्या खाली हवा. दवाखान्यातला १४०/९० चा हिशोब इथे चालत नाही. एरवी मशीन कपाटात. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्या माणसाचं बीपी मोजूनच वाढतं असं माझं मत झालंय.

या महिन्यांत सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते बाकीच्या औषधांकडे. गुडघा दुखला की घरात सहज निघणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन बीपी चढवते आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीवर ताण आणते. लघवीची गोळीही चालू असेल तर आणखीच. मला डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितली, तीही मापात. सर्दीच्या गोळीत फिनायलेफ्रिन आहे का बघते, कारण तेही रक्तवाहिन्या आवळतं. आणि खोकल्याला ज्येष्ठमधाची कांडी चघळायची आपल्याकडची सवय! रोज चघळली तर ज्येष्ठमध बीपी वाढवतो. इनोसारख्या फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम असतं, म्हणून जळजळीला त्याही बंद.

जुलाब-उलट्या झाल्या तर काय, हे आधीच विचारून ठेवलंय. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन किडनीला जड जाऊ शकते, म्हणून तेव्हा डॉक्टरांना फोन करायचा आणि ते सांगतील तसं एखाद-दोन दिवस थांबवायची. उपासाला मात्र सुट्टी नाही. दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटीही चालतात, पाण्याचा घोट एकादशीला चालतोच. एखादी राहिली तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाहीत.

‘आकडे नॉर्मल आलेत, आता बंद करा’ हा सल्ला मला वाडीतल्या निम्म्या लोकांनी दिलाय. नॉर्मल आलेत ते गोळीमुळे. सासूबाईंची बीपीची गोळी अ‍ॅटेनोलॉल आहे, ती तर मनाने एकदम थांबवायचीच नाही. बीपी आणि नाडी उसळून हृदयावर येऊ शकतं. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, तेव्हा मूल हवं असलेल्या बायकांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

मार्चपासून आकडे आपोआप थोडे खाली आलेत, उन्हाळ्यात अनेकांचे येतात. उठताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून आधी पाय खाली सोडून क्षणभर बसते. वहीत वेळेसकट लिहून ठेवलंय. पुढच्या तपासणीला अडीचची गोळी ठेवायची की नाही ते विचारणार आहे. तोवर दोन्ही चालू.